खुर्चीत बसवलेला माणूस

ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं.

मी तेव्हा सौंसर भागात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. रामाकोन्याकडचा एक म्हातारा शेतमजूर दाखल झाला होता. संत्र्याच्या झाडावरून पडलो म्हणत होता, पण पाठीवर काठीचे वळ होते.

मी गेलो. एक हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला. माझ्यासमोरही तेच म्हणाला, "पडलो, सायेब."

संत्र्याचा तोडा केव्हाच आटपला होता. मे महिन्यात हा झाडावर कशाला चढेल? मी त्याच्या खाटेजवळून हललो नाही. शेवटी त्याची बायको बोलली.

"खोटं काहून बोलून राहिले जी? तोंडाले दुपट्टे बांधून तिघं आले, सायेब. मारता मारता म्हनत होते, खुर्चीत बसतं काय, खुर्चीत बसतं काय."

"कोणती खुर्ची?"

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "पांढुर्ण्याच्या पेंटरनं बसवलं होतं. कोट, फेटा घालून. कायले, ते मले नाई सांगतलं."

पेंटरला ठाण्यात बोलावलं. गावातली एक समिती या भागातल्या जुन्या पुढाऱ्यांचा सचित्र चरित्रसंग्रह काढत होती. तैलचित्रांचं काम याच्याकडे होतं. एका पुढाऱ्याचा धड फोटोच उरला नव्हता. बाजारात हा म्हातारा दिसला, कपाळ भारदस्त वाटलं, म्हणून त्यालाच समोर बसवून चेहरा काढला. चित्र समितीच्या सभागृहात लागलं, हारही चढला.

"मग हे बाहेर कसं आलं?"

"त्या पुढाऱ्याच्या नातवाला शंका आली. चेहरा आमच्याकडचा वाटत नाही म्हणाले. कोणाचा आहे, विचारलं."

"आणि तू सांगितलंस. नाव, गाव, वस्ती?"

"पुढची चित्रंही मलाच काढायची होती, साहेब."

"तो काय करील, हे वाटलं नाही तुला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "वाटलं होतं. पण मी मध्ये कशाला पडू?"

नोकरीत मी अनेक गुन्हेगारांसमोर बसलो. हात आवरायला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

नातू शिकलेला, इस्त्रीच्या कपड्यातला. आधी म्हणाला, मी छिंदवाड्यात होतो. मोबाइलचं लोकेशन रामाकोन्याच्या वाटेवरचं निघालं. ते समोर ठेवल्यावर त्याचा आवाज चढला. "आमच्या आजोबांना त्या माणसाचं तोंड? लोकांनी त्याला हार घालायचा?" मारहाणीचं कारण त्याने स्वतःच्याच तोंडाने सांगितलं होतं. म्हाताऱ्याच्या बायकोच्या फिर्यादीवर ॲट्रॉसिटीचं कलम लागलं, तपास माझ्या वरच्या अधिकाऱ्यांकडे, एसडीओपी साहेबांकडे गेला आणि नातू व त्याचे दोन साथीदार, अशा तिघांनाही अटक झाली.

त्याच संध्याकाळी समितीचे अध्यक्ष आले. प्रकाशन जवळ आलंय, मिटवून टाका, चित्र बदलून घेऊ, म्हणाले. त्यांच्या हातात संग्रहाचे छापून आलेले कागद होते. मी मागून घेतले आणि त्याच पुढाऱ्याच्या चरित्रातली ओळ मोठ्याने वाचली. गावची विहीर त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली, असं लिहिलं होतं.

"ते वेगळं, साहेब," अध्यक्ष म्हणाले.

मी त्यांना बाहेरचा दरवाजा दाखवला.

तडजोडीची गोष्ट मी म्हाताऱ्याच्या कानावर घातली. तो म्हणाला, "चित्र बदलू द्या. मले त्याचं काई नाई. पन झाडावरून पडलो, हे आता खोडा. मारलं, असं लिवा."

मी तसंच लिहून कागद साहेबांकडे पाठवला. कोर्टात तो डगमगला नाही. तिघांना शिक्षा झाली. त्याचा हात मात्र पुन्हा नीट वर गेला नाही. संत्रं तोडायचं काम सुटलं.

पेंटर साक्षीदार म्हणून आला, सगळं खरं सांगून गेला. त्याच्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. पुढे त्याने त्या चित्रावर दुसरा चेहरा रंगवून दिला आणि संग्रहातली उरलेली चित्रंही पूर्ण केली. काठी उचलणारा माणूस पोलिसाला सापडतो. त्याला घर दाखवून आपल्या कामाला लागणारा माणूस आपल्यासमोर चहा पिऊन, नमस्कार करून निघून जातो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. अजून ते मला पचलेलं नाही.