उताणं झोपायचं नाही

वाईजवळ शूटिंग चालू होतं आणि सकाळपासून हिरोने मला सात वेळा पाडलं होतं. त्याचं सगळं वजन माझ्या एका मांडीएवढं असेल, पण सिनेमात चालतं ते. पन्नाशी उलटल्यावर माणसं खुर्चीतून उठताना कण्हतात. मी बसतानाही कण्हतो. आठव्यांदा पडायच्या आधी जरा टेकलो होतो, तेवढ्यात आष्ट्याहून, मला कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांच्या सुनेचा, म्हणजे वहिनींचा फोन आला.

वस्ताद न्हाणीत घसरून पडले होते आणि सांगलीत त्यांचा खुबा बदलला होता. सहा आठवडे दोन पायांमध्ये उशी घेऊन उताणंच झोपायचं, कुशीवर वळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ते झोपेत पालथे होऊ बघायचे. त्यात एकदा सांधा निखळलाही, पुन्हा गाडीत घालून सांगलीला न्यावं लागलं. आता परत निखळला तर परत कापाकापी, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती त्यांच्या हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनींचे हात टेकले होते. तुम्ही येऊन सांगा, तुमचं ऐकतील, असं त्या म्हणत होत्या. मला हसूच आलं. नऊ वर्षांत वस्ताद माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

मी वडूजकडचा, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला. अंगात ताकद होती आणि ती कुठे घालवायची ते कळत नव्हतं, म्हणून वडिलांनी आष्ट्याच्या तालमीत आणून सोडलं. तिथे वस्तादांचा एक नियम होता. तालमीत कोणी उताणं झोपायचं नाही. पहाटे ते हातात निरगुडीची काठी घेऊन फिरायचे, आणि ज्याची पाठ सतरंजीला टेकलेली दिसेल त्याच्या पोटरीवर एक बसायची. पाठीला झोपेतसुद्धा जमिनीची सवय लागता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. कुस्ती झाली की ते निकाल विचारायचे नाहीत, आम्हाला वळवून पाठ बघायचे. माती नसेल तर एक थाप. त्या थापेसाठी मी अकरा वर्षं घाम गाळला.

मग गुडघा गेला. पुढे बरीच वर्षं मी यात्रांमध्ये मणामणाच्या दगडी गोट्या उचलल्या, दातांनी जीप ओढली. ते पाहून कोणीतरी सिनेमात नेलं. पहिल्याच दिवशी हिरोचा ठोसा खाऊन पाठीवर पडायचं होतं, आणि मला ते येईना. पाय सुटले की अंग आपोआप हवेत वळायचं आणि मी पोटावर यायचो. अकरा वेळा पालथा पडलो. फाईट मास्तर कपाळाला हात लावून म्हणाला, तोंड दिसल्याशिवाय लोकांना कळणार कसं कोण हरलं ते. बाराव्या वेळी मी डोळे मिटले आणि पाठ टेकवली. पुढे ते अंगवळणी पडलं. मी आता इतका छान पडतो की त्यासाठी लांबून बोलावतात.

तो सिनेमा वस्तादांनी वहिनींच्या मोबाईलवर पाहिला. पुढच्या वेळी मी पाया पडलो तेव्हा त्यांनी मला वळवलं, माझी पाठ बघितली आणि थाप न देताच आत निघून गेले. त्यानंतर दर यात्रेला गेलो की पाया पडायचो. ते दुसरीकडे बघायचे. मला याचा राग होता, अजूनही थोडा आहे. घर तर चालवायचं होतं ना.

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी मागून आष्ट्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. वस्तादांना जुन्या लुगड्याने कॉटला बांधलं होतं. ज्यांच्यापुढे आम्ही मान वर करत नव्हतो, ते असे. वहिनींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, रात्रभर जागून माझा डोळा लागला की हे वळतात, मग काय करणार. मी लुगडं सोडलं. सोडल्याबरोबर त्यांनी भिंतीकडे खांदा वळवला. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, विनवलं, थोडा चिडलोसुद्धा. ते भिंतीशीच.

शेवटी मला उभं राहवेना. आदल्या दिवशीच्या पडण्याने पाठ ठणकत होती. मी कॉटशेजारी फरशीवर सरळ उताणा झालो आणि डोळे मिटले. त्यांना दाखवावं असं काही मनात नव्हतं, मी फक्त दमलो होतो.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला. "पाठ दुखती?"

"लय," मी म्हटलं.

"लाज वाटली न्हाई, पयल्यांदा टेकवली तवा?"

"वाटली. आजून वाटती, वस्ताद."

वहिनी दारात थांबल्या. वस्तादांनी मान वळवून खाली माझ्याकडे पाहिलं.

"पडल्यावर काय करतोस?"

"वर बघत ऱ्हातो. कट म्हणायची वाट बघतो. कट म्हटलं की उठायचं."

मग वस्तादांचा भिंतीकडचा खांदा हळूहळू सुटला, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि त्यांची पाठ गादीला लागली. हे होताना त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मला बघवलं नाही. वहिनींनी पटकन पुढे होऊन गुडघ्यांमध्ये उशी सरकवली. आम्ही दोघं, एक वर एक खाली, छताचा पंखा बघत पडून राहिलो. माझ्या खिशात शूटिंगवाल्यांचा फोन थरथरून थांबला.

"आन् हितं कट कोन म्हननार रं?" त्यांनी विचारलं.

मी हात वर करून कॉटच्या कडेवरचा त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "मी म्हणतो की. तवर पडून ऱ्हावा."

संध्याकाळपर्यंत त्यांनी हात सोडला नाही, आणि मी कट म्हटलं नाही.