साहेबरावांनी थांबवलेली बस

साहेबराव ओव्हाळ सव्वीस वर्षं दौंडहून सणसवाडीला आमच्या कारखान्याची बस चालवत होते. मी तिथेच आस्थापना विभागात, आणि जातो त्याच बसने. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते. फाइलमध्ये एकही मेमो नसेल त्याला निर्दोष सेवेचं मानपत्र मिळतं. त्या यादीत साहेबरावांचं नाव मी धरलं नव्हतं. एक मेमो होता.

सोमवारी बसमध्ये मी वैमानिकाविना उडणाऱ्या प्रवासी विमानांवरचा लेख वाचून दाखवला. यंत्राला डुलकी लागत नाही, घरचं भांडण त्याच्या डोक्यात नसतं. बरेचसे अपघात माणसाच्या चुकीने होतात, असं माझं म्हणणं.

“म्हंजी पुढं कुणीच न्हाई?” स्टोअरमधले पोपटराव म्हणाले. “मग विमान हादरलं, तर शिव्या कुणाला द्यायच्या?”

सगळे हसले. मी म्हणालो, धोका आहेच. कुणी कल्पनाच केली नाही असं काही समोर आलं, तर यंत्र काय करेल सांगता येत नाही. पण एकंदरीत फायदाच जास्त.

साहेबराव आरशात बघत म्हणाले, “फायदा हाय, साहेब. मशीन दमत न्हाई. त्याला मेमोचं भ्या न्हाई, धुकं असलं तर बिनघोर थांबंल. पर मागं कोण बसलंय, त्ये त्याला ठावं नसतं.”

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

सहा वर्षांपूर्वी जानेवारीत वडगाव रासाईजवळ, भीमेच्या पुलाआधी, त्यांनी धुक्यात पाऊण तास बस थांबवली होती. उशीर का झाला, असं व्यवस्थापकांनी विचारलं. ‘ड्रायव्हरने गाडी थांबवली,’ एवढंच मी सांगितलं आणि दुपारी मेमो टाइप केला. साहेबरावांनी खुलासा दिला: ‘पुढचं दिसत नव्हतं. गाडीत बेचाळीस माणसं होती.’ त्याखाली माझा शेरा आहे: ‘असमाधानकारक.’

त्या बेचाळिसांत मी होतो. बस थांबली तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

संध्याकाळी उतरताना मी म्हणालो, “साहेबराव, तो मेमो मी काढून टाकतो.”

“नगं, साहेब. त्याच्यासंगं माझं लिवलेलंबी जाईल.”

दुसऱ्या दिवशी मी मेमो तसाच ठेवला. माझा शेरा खोडून खाली लिहिलं, ‘खुलासा योग्य. त्या बसमध्ये मीही होतो.’ तारीख घातली, सही केली आणि फाइल व्यवस्थापकांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचून माझ्याकडे पाहिलं, मेमोवर ‘रद्द’ असं लिहिलं आणि यादीत नाव घातलं.

शनिवारी मानपत्र मीच वाचलं. ‘निर्दोष’ या शब्दानंतर मला कागदावरून मान वर करता आली नाही.