मी बाहेर बसल्यावर जिंकलेली मॅच

धुळ्याच्या त्या मैदानावर मी होते तोवर आम्ही बारा पॉइंटांनी मागे होतो. मी बाहेर आले आणि आम्ही जिंकलो. हे असं सरळ लिहायला मला सहा वर्षं लागली.

नाशिकला आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची मी कॅप्टन होते. कळवणजवळच्या गावातलं आमचं घर. त्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली आणि हॉस्टेलवर राहून खेळणारी तर अख्ख्या भावकीत पहिली. याचा मला अभिमान होता, आजही आहे. मॅच झाली की दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन यायचाच. "जितली का?" असं विचारायचे. टीम नव्हे, मी. आम्ही हरलो तरी मी माझ्या बास्केट सांगायचे आणि दादा त्या गावभर सांगायचे.

धुळ्याला तिसरा क्वार्टर संपत आला तेव्हा माझा पाचवा फाउल झाला. पाच झाले की खेळाडू बाहेर, परत आत येणं नाही. त्यांच्या कॉलेजची पोरं कडेने ओरडली, "ए नाशिक, गाडी चालू करून ठेवा!"

सरांनी माझ्या जागी एका ज्युनियरला पाठवलं. तिचा नाशिकात गंगापूर रोडला बंगला, वडील डॉक्टर, पायात दर सीझनला नवे बूट. डाव्या हाताने बॉल टाकायला तिला मीच शिकवलं होतं, रोज सकाळी सहाला, दोन महिने. त्याच डाव्या हाताने तिने सुरुवात केली. एक बास्केट, लगेच दुसरी. मग समोरच्या पोरीच्या हातातून बॉल पळवून तिसरी. कडेची पोरं गप्प झाली. आमचा बेंच उभा राहिला. मीही राहिले, नाहीतर दिसलं असतं.

अगदी शेवटी बरोबरी झाली, वेळ संपत आलेली, आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. बेंचवर सगळ्यांनी एकमेकींचे हात धरले. माझेही दोन्ही हात कुणीतरी घट्ट धरले होते. मी डोळे मिटून मनात म्हणत होते, चुकू दे. दोन्ही चुकू दे.

कॅप्टन होते मी.

दोन्ही बास्केटमध्ये पडले. मी धावत जाऊन तिला मिठी मारली, "भारी खेळलीस" म्हणाले. माझा आवाज फुटत नव्हता. ओरडून घसा बसला, असं सांगितलं.

आमच्यात एक रीत होती. भाड्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची खिडकी मॅच जिंकवणारीची. वर्षभर तिथे बहुतेक मीच बसायचे. त्या दिवशी मी आधीच जाऊन बसले. ती सॅक घेऊन दारापाशी आली, मला पाहिलं आणि मागे बॉलच्या जाळीशेजारी जाऊन बसली.

"कॅप्टन, आज सीट चुकली वाटतं!" मागून एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

"मला मागे उलटी होते," मी म्हणाले. मला जन्मात कधी गाडी लागली नव्हती.

मालेगावच्या अलीकडे दादांचा फोन आला. गाडीतल्या गलक्यात ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला.

"जितली का?"

"जिंकलो दादा."

"तू किती टाकल्या?"

"चार."

"चारच? मंग जितवलं कोणी?"

मागे सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. खोटं बोलायला जागाच उरली नाही.

"आहे एक ज्युनियर."

"अन् तू कुठं होती?"

"बाहेर. पाच फाउल झाले."

"मंग तिला दे ना फोन. लय भारी हाय की पोरगी!"

तिने फोन घेतला आणि स्पीकर बंद करून कानाला लावला. "नमस्कार काका... हो काका... नाही हो काका!" आणि खळखळून हसली. माझ्याशी दादा फोनवर एवढं कधीच बोलत नाहीत. जितली का, जेवली का, ठेवतो. मी आरशातून तिच्याकडे बघत राहिले. बंगला तिचा, बूट तिचे, आजची मॅचही तिची. दादा तरी मला राहू द्यायचे.

फोन परत देताना ती पुढे वाकली. "ताई, काकांनी घरी बोलावलंय. काकूंच्या हातची भाकरी खायला. या रविवारी जाऊ या?"

"रविवारी कळवणला एसटी नसते," मी म्हणाले.

रविवारी सकाळपासून तासातासाला असते.