दंडारीचा सरकारी अर्ज

सरकारी कचेरीत एक अर्ज टाकला की निदान दोन किस्से पदरात पडतात. आम्ही तर चार वर्षं अर्जच करत होतो! आमच्या दंडार मंडळाला अनुदान मिळालं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ते कसं मिळालं, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दंडार म्हणजे धान कापून झालं की रात्री गावच्या चौकात रंगणारं आमचं नाचगाण्याचं नाटक. मी शाळेत मास्तर, म्हणून मंडळाचा सेक्रेटरीही मीच. म्होरके भिवाभाऊ. अख्खी दंडार त्यांच्या डोक्यात. पण त्याच दिवसांत आलापल्लीच्या सागवान डेपोत काम निघायचं, आणि तरणी पोरं तिकडे जायची. शिकायला कोणी उरेना.

"असंच चाललं तं माह्यासंगच जाईन दंडार," भिवाभाऊ म्हणायचे. अनुदान मिळालं तर पोरांना मजुरी देऊन गावात ठेवता येणार होतं. अट एकच होती, मंडळात वीस कलावंत हवेत. आमच्याकडे उरले होते नऊ.

*

फॉर्ममध्ये पहिलाच रकाना, 'रंगमंचाची लांबी-रुंदी'. आता दंडारीला कुठला आलाय रंगमंच! लोक गोल बसतात, मधे आम्ही नाचतो. मी भिवाभाऊंना विचारलं. त्यांनी सुपारी कातरत बराच विचार केला.

"लिवा मास्तर, लोकं सरकतीन तेवढी."

मी तसंच लिहिलं.

*

मग पत्र आलं, 'संहितेच्या तीन प्रती जोडाव्यात.' दंडार कधी कागदावर उतरलीच नव्हती. भिवाभाऊ सांगत गेले, मी लिहीत गेलो. सोमवारी एक प्रत झाली, मंगळवारी दुसरी, बुधवारी तिसरी. हात दुखून आला, पण काय आनंद होता! वाटलं, आता झालंच काम.

महिन्याभराने गठ्ठा परत. वर शेरा, 'तिन्ही प्रती परस्परांशी जुळत नाहीत.'

खरंच जुळत नव्हत्या. सोमवारी राणी रुसली होती, मंगळवारी ती माहेरी गेली होती आणि बुधवारी तिने राजालाच माहेरी धाडलं होतं. मी चिडलो. भिवाभाऊंनी उलट मलाच विचारलं.

"एकसारखीच सांगाची होती तं तीनदा काऊन सांगाले लावलं तुमी?"

*

एवढ्यात, छप्पन साली, राज्यच बदललं आणि राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. भिवाभाऊ अर्जाची चौकशी करायला दीड दिवसाचा प्रवास करून नागपूरला गेले. कारकुनाने सांगितलं, "तुमचा जिल्हा आता इथं नाही, मुंबईकडे गेला."

"आमी तं घरीच होतो साहेब," भिवाभाऊ म्हणाले. "आमाले इचारलं नाई कोनी."

*

पुढच्या वर्षी एक मंत्री आलापल्लीला सागवान बघायला येणार असं कळलं. आम्ही ढोलकीसकट रस्त्यावर हजर! मंत्री एका जुन्या, भल्यामोठ्या सागाखाली मान वर करून उभे. "केवढं जुनं झाड! हे जपलं पाहिजे," ते म्हणाले.

भिवाभाऊ गर्दीतून पुढे घुसले. "साहेब, याच्या आधीची आमची दंडार हाय. हे झाड कोनी तोडलं तं तुमाले दिसन. दंडार गेली तं दिसनार बी नाई."

 मंत्री आपल्या सेक्रेटरीकडे वळून म्हणाले, "यांचं लिहून घ्या." मला तिथेच नाचावंसं वाटलं.

*

आणि खरोखरच मुंबईचे एक अधिकारी तपासणीला आले. त्यांना अंधाराआधी जंगल पार करायचं होतं, म्हणून दंडार दुपारी दोनला ठरली. वाट दाखवायला भिवाभाऊ आणि मी जीपमध्ये होतो; जीप तळ्याच्या पाळीवरून आली, तर समोर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली बाई कंबरभर पाण्यात जाळं ओढते आहे.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमची राणी. लक्ष्मन ढिवर," भिवाभाऊ म्हणाले. "मासोळ्या काढून येऊनच राह्यला."

चौकात भर उन्हात गॅसबत्ती पेटवायला सुरुवात झाली. ती काही पेटेना. साहेब घड्याळ बघू लागले. "अहो, उजेड आहे की एवढा!"

"उजेडासाठी नाई साहेब. बत्ती लागल्याबिगर गन म्हनत नाई आमी."

अर्ध्या तासाने बत्ती लागली. गणपतीचा गण झाला, ढोलकी घुमली, आणि भिवाभाऊ राजा होऊन मधे आले. गाणं अर्ध्यावर आलं आणि ते थांबले. पुढचं आठवेना. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. चार वर्षांची धडपड गेली, असं मला वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं.

मागे बसलेल्या एका म्हातारीने पुढची ओळ म्हटली. तिच्या शेजारणीने त्याच्या पुढची. मग ढिवरांच्या बाजूने आवाज आला, पारावरून आला, झाडावर चढलेल्या लेकरांकडून आला. सगळा चौक गात होता आणि भिवाभाऊ मधे नुसते नाचत होते.

संपल्यावर साहेबांनी फॉर्म काढला. मग मला म्हणाले, "गुरुजी, गावची लोकसंख्या किती?"

"चारशे सदतीस."

'कलावंतांची संख्या' या रकान्यात त्यांनी तोच आकडा लिहिला आणि खाली सही केली.

भिवाभाऊ धापा टाकत वाकून बघत होते. मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"अकरा कमी करा साहेब. थे पोरं आलापल्लीले गेली हायेत."