नवी फुफ्फुसं आणि सासूबाईंचा काढा

दोन्ही फुफ्फुसं बदलून मी कोथरूडला घरी आले, तेव्हापासून सोसायटीतली माणसं मास्क लावून फुकट सल्ले द्यायला येऊ लागली. सगळ्यांवर कडी केली ती आमच्या सासूबाईंनी. घरात कुणी शिंकलं की बाल्कनीतली गुळवेल तोडून काढा उकळायचा, हा त्यांचा जुना खाक्या.

"घे, प्रतिकारशक्ती वाढेल," म्हणत त्या रोज पेला पुढे करायच्या. कडूजहर! मी नाक दाबून प्यायचे. घरचा काढा, तो काय औषधात मोजायचा? डॉक्टरांना सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

रोज सकाळी मी एका छोट्या यंत्रात फुंकायचे. श्वासात किती जोर आहे ते त्यावर दिसतं. तो आकडा घसरायला लागला. दूध तापवतानाही धाप लागायची. तपासण्या झाल्या आणि कळलं, शरीर नवी फुफ्फुसं नाकारतंय. माझी तर बोबडीच वळली.

"आणखी काही घेता का?" डॉक्टरांनी विचारलं. मी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "मी देते ना, गुळवेलीचा काढा."

"आजी, परकी फुफ्फुसं शरीराने हाकलून देऊ नयेत, म्हणून आम्ही यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही तिलाच खुराक देताय! काढ्यानेच झालं असं नाही म्हणत मी. पण तो आजपासून बंद."

मला पुन्हा दाखल केलं, इंजेक्शनं झाली. आकडा वर आला, पण पहिल्याइतका नाही. जे गेलं ते परत येणार नव्हतं.

घरी आले तर सासूबाई माझ्या खोलीत पाऊल टाकेनात. ताट नवरा आणायचा. आधी मला रागच आला. आजारी मी, आणि रुसून बसायचं यांनी? मग लक्षात आलं, त्या रुसल्या नव्हत्या, धसकल्या होत्या. त्यांचं ते बिचकणं मला धापेपेक्षा जड जाऊ लागलं.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी हाक मारली, "अहो आई, जरा पाणी द्या ना."

त्या पेला घेऊन दारातच थांबल्या. "डॉक्टरांना विचारलंस?"

"पाण्याचं?"

"हो."

"विचारलंय. तुमच्याच हातचं घ्या म्हणाले."

खोटं आहे हे त्यांना कळलंच असणार. त्या आत आल्या. वयाने त्यांचे हात थरथरतात, गोळ्यांनी माझे. अर्धं पाणी चादरीवर सांडलं, उरलेलं मी पिऊन टाकलं.