नापास झाल्याची शॅम्पेन

आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. डब्लिनजवळच्या आमच्या ल्यूकनमधल्या कुठल्याही मराठी घरातली प्रेस उघडा, आइस्क्रीमचा एक तरी रिकामा डबा अंगावर पडतोच. आमच्या ग्रुपच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. मुद्दाम साठवत कोणी नाही, पण टाकवतही नाहीत. त्यातले निम्मे एकाच ट्रिपचे आहेत, म्हणून आज तेवढेच सांगते.

आधी मंडळी. संदीप आमचा शेजारी, सॉफ्टवेअरवाला. त्याची बायको मंजिरी नासच्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांची आठ वर्षांची इरा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर अस्सल आयरिश इंग्लिशमध्ये येतं. सांगलीहून मुक्कामाला आलेल्या संदीपच्या आई. आणि ब्लँचर्डस्टाउनचा भावे, ज्याला जगातलं सगळं माहीत असतं.

*

मंजिरीची मोठी परीक्षा होती. पास झाली तर बढती, नाहीतर पुन्हा त्याच नाइट ड्यूट्या. आधी एकदा हुकली होती. या वेळी संदीपला इतकी खात्री, की निकालाआधीच पठ्ठ्याने सगळ्यांची फ्रान्सची तिकिटं काढली. शॅम्पेन जिथे बनते तिथेच जाऊन सेलिब्रेट करायचं!

निकाल लागला. मंजिरी नापास!

पोरगी कोणाशी बोलेना. पुढचा अटेम्प्ट शेवटचा, मग नाद सोडला, एवढंच म्हणाली. संदीप बिचारा ट्रिप रद्द करायला निघाला, तर भावे उसळला, "अरे, तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत! व्हिसे झालेत! पास झालो तरच प्यायची असं शॅम्पेनवर लिहिलंय का?"

शेवटी मंजिरीच म्हणाली, "जाऊ या. पण कोणी चिअर्स म्हणालं तर याद राखा!"

*

तर आम्ही गेलो. वर द्राक्षांचे मळे आणि खाली, खडूच्या दगडात कोरलेले लांबच लांब बोगदे. आत फ्रिजसारखी थंडी. आई शाल, कानटोपी आणि इराचे गुलाबी हातमोजे घालून सगळ्यांच्या पुढे.

गाइडबाई सांगत होत्या, पूर्वी इथे दाब वाढून बाटल्या आपोआप फुटायच्या, म्हणून कामगार लोखंडी मुखवटे घालायचे. भावेने ते मराठीत सांगितलं आणि गुपचूप आईंच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काय रे, घाबरलास की काय?" आई म्हणाल्या.

"छे हो काकू! तुम्हाला नीट दिसावं म्हणून!"

*

टूर संपल्यावर टेस्टिंग. ग्लास भरता भरता गाइडबाईंनी हसून विचारलं, "मग, आज काय सेलिब्रेट करताय?"

आम्ही सगळे आपापले बूट बघायला लागलो. इरा मोठ्ठ्याने म्हणाली, "मॅमी फेल्ड हर एक्झॅम!"

मला तर त्या बोगद्यातच राहावंसं वाटलं. गाइडबाईंनी एकदा मंजिरीकडे पाहिलं, बाटली उचलली आणि तिचा ग्लास काठोकाठ भरला.

"यांना जास्त," त्या म्हणाल्या. "पास झालेल्यांना काय, पाणीही गोड लागतं."

मंजिरी हसली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी चिअर्स म्हणून मोकळी झाले. तिने मला चिमटा काढला, तो अजून आठवतो.

*

पुढच्या वेळेसाठी एक बाटली घ्यायचं ठरलं. पण आम्हा सगळ्यांकडे केबिन बॅगा, त्यात बाटली चालत नाही. चेक-इनची बॅग एकट्या आईंची! ज्यांच्या घरात रमचा केकसुद्धा येत नाही त्या आईंची!

विचारायचं कोणी, यावर अर्धा तास कुजबुज. आईंनी ऐकलीच. बाटली घेतली, जरीच्या साडीत गुंडाळली, बॅगेत ठेवली आणि कुलूप लावलं.

"माझ्या बॅगेतनं येणार, म्हणजे आता ही माझी. मंजू पास झाल्याबिगर कोणी हात लावायचा नाही!"

*

भावेने तिथल्या दुकानातून शॅम्पेन गार करायची चकचकीत बादली घेतली होती. ती बॅगेत मावेना. गेटवरची आयरिश बाई म्हणाली, "एकच बॅग." भावेने शांतपणे बादली डोक्यावर घातली. "ही हॅट आहे."

बाईने त्याला खालून वर न्याहाळलं. "ग्रँड! पण डब्लिन येईपर्यंत काढायची नाही."

विमानात चहा आला तेव्हा एअर होस्टेसने त्याला "सर" न म्हणता "युवर हायनेस" म्हटलं! डब्लिनला उतरल्यावर ती बादली त्याने संदीपच्याच घरी टाकली. पुन्हा डोक्यावर घ्यायची म्हणे हिंमत नव्हती.

*

मंजिरी पुन्हा परीक्षेला बसली. आईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. "निकाल बघूनच जाणार," म्हणाल्या.

निकालाच्या संध्याकाळी आम्ही सगळे संदीपच्या किचनमध्ये. ई-मेल आलेला नव्हता. मंजिरी फोन उलटा ठेवून कांदा चिरत होती. कांदा कशासाठी, कोणी विचारलं नाही. तेवढ्यात भावे बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन हजर. "माझी बादली कुठाय?"

"असेल की कुठं तर," आई म्हणाल्या.

भावेने एकेक प्रेस उघडायला सुरुवात केली. शेवटच्या प्रेसमध्ये आईंचं देवघर. तिथे रिकाम्या चौरंगाशेजारी बादली होती. त्याने आत पाहिलं आणि तसाच उभा राहिला.

बादली पाण्याने भरलेली. तळाशी गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा.

"काकू, हे..."

"देव पाण्यात आहेत," आई म्हणाल्या. "दुसरं भांडं चांगलं दिसंना."

मंजिरी सुरी खाली ठेवून जवळ आली. "आई, कधीपासून?"

"तू परीक्षेला निघालीस तेव्हापासून. रोज पाणी बदलते की."

तेव्हाच मंजिरीचा फोन वाजला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन छातीशी धरून आईंकडे बघत राहिली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. कांद्याचं की कशाचं, आम्हाला कळेना. संदीपची विचारायची हिंमत होईना.

आईंनी विचारलंच नाही. बाह्या वर सारल्या, एकेक देव बाहेर काढला, पदराने पुसून चौरंगावर ठेवला. पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. मग बादली भावेपुढे धरली.

"घे रे. टाक तुझा बर्फ."