हलकं दार

इमारतीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. दारांना, पंपांना, लिफ्टच्या यंत्राला, जिन्यातल्या दिव्यांना चौकोनी स्टिकर लावत फिरणारी म्हणून ती चिकटबाई. पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं तेव्हा तिला राग आला होता. पुढे तीच फोनवर "चिकटबाई बोलतेय" म्हणू लागली, कारण खरं नाव सांगितलं की पलीकडचा माणूस विचारायचा, कोण?

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. इमारतीची एक फाईल असते, कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. पाया खणायला घेतला की ती उघडते आणि इमारत पाडली की बंद होते. मधल्या सगळ्या वर्षांत भिंतीतून कुठली वायर गेली, कुठलं दार आगीपुढे किती वेळ टिकेल, पाण्याचा पंप शेवटचा कधी चालवून पाहिला, हे सगळं त्या फाईलमध्ये असायला हवं. मोबाइल स्टिकरसमोर धरला की त्या वस्तूचा जन्मापासूनचा इतिहास पडद्यावर येतो. ठीक असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. एकदा केलेली नोंद खोडता येत नाही, आणि प्रत्येक नोंदीखाली करणाऱ्याचं नाव राहतं.

चिकटबाईने ही इमारत उघडीवाघडी पाहिली होती. प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो तिने काढले होते. कुणी खिळा ठोकायला निघालं की आधी तिला विचारायचं. "आमच्या घराची आतडी हिला पाठ आहेत," असं रहिवासी म्हणायचे, आणि त्यात कौतुक किती नि वैताग किती हे कळायचं नाही.

कामगारांना तिची एकच ताकीद असे: स्टिकर हरवला तर वस्तू हरवली. "दार मोडलं तर मोडू दे, स्टिकर फाटता कामा नये," असं ती हसत सांगायची. सगळे हसायचे, आणि लक्षात ठेवायचे.

शेवटच्या मजल्यावर तिची ताई राहायची. ताईने जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. पक्षाघाताने उजवं अंग गेलं आणि डाव्या हातातलाही जोर ओसरला, तेव्हा सरकारी प्रतीक्षायादीतून वाटायच्या घरांपैकी हे घर तिला चिकटबाईनेच खटपट करून मिळवून दिलं. ती स्वतः दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायची. तिथला जिना इतका अरुंद की चाकाची खुर्ची पहिल्याच वळणावर अडकली असती.

"एवढ्या उंचावर कशाला टांगतेस मला? आग लागली तर?" ताईने तेव्हा विचारलं होतं.

"आग लागली तर दार लावून आत बसायचं. तुझं दार तासभर आग अडवतं. तोवर बंबवाले येतात."

"आणि नाही आले तर?"

"दार माझ्या फाईलमध्ये आहे, ताई."

ते दार खरोखर तसं होतं. जाड, भरीव, आणि इतकं जड की ताईला ते उघडायचंच नाही. दूधवाला आला तरी ती आतून ओरडून सांगायची, ठेवा बाहेर. बहीण येईपर्यंत ती स्वतःच्याच घरात कोंडलेली असे, आणि हे ती रोज ऐकवायची.

मग ताईला पुन्हा एकदा झटका आला, सौम्य. दोघी बहिणी इस्पितळात होत्या तेव्हा वरच्या मजल्यांवर पाइप फुटला आणि तिथली दारं फुगली. चिकटबाई कामावर परतली तेव्हा काम उरकलं होतं. तिने प्रत्येक दारासमोर मोबाइल धरला. सगळ्यांनी ओ दिली, सगळी हिरवी. नोंद होती: दुरुस्ती, बिजागऱ्या बदलल्या; खाली इमारतीच्या मॅनेजर साहेबांचं नाव. ताईचं दार आता सुळकन उघडत होतं. नव्या बिजागऱ्या, असं तिने मनाशी म्हटलं. हाताला जे कळत होतं त्यापेक्षा पडद्यावर जे लिहिलं होतं त्यावर तिचा भरवसा जास्त होता. तिचा धंदाच तो होता.

इस्पितळाने व्यायाम शिकवायला एक बाई लावून दिली होती. ताई तिच्या हाताखाली चिडत, शिव्या देत रबरी चेंडू दाबायची. एका सकाळी चिकटबाई दाराशी आली तर दार आतून उघडलं, आणि पलीकडे खुर्चीत ताई.

"बघत काय राहिलीस? मी उघडलं. डाव्या हाताने."

"कधीपासून?"

"इस्पितळातून आले तेव्हापासून. आधी वाटलं, उघडंच राहिलं असेल. मग रोज करून पाहिलं. काल तर लिफ्टपर्यंत जाऊन आले. आता तुझी वाट बघत बसायला नको, की तुझी बोलणी खायला नकोत." आणि ताईने दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

चिकटबाईने बोट वाकवून दारावर टकटक केलं. आधी या दारावर वाजवलं की दगडावर वाजवल्यासारखं व्हायचं. आता आवाज रिकाम्या खोक्याचा आला.

"काय झालं गं?"

"काही नाही. कुलूप बघते."

तिने कुलपाची पट्टी सोडवून आत मोबाइलचा दिवा मारला. पातळ फळीच्या मागे पुठ्ठ्याची जाळी होती, काचेची भांडी बांधून देतात तसली. दाराच्या कडेला स्टिकर होता, जुना, तोच, एक कोपराही न उचकटलेला.

मिस्त्री तळघरातल्या आपल्या खोलीत रंधा मारत होता. इमारतीची सुतारकामं तोच करायचा.

"मिस्त्री, वरची दारं दुरुस्त केलीत की बदललीत?"

"बदलली. फुगलेली कसली दुरुस्त होताहेत? साहेबांनी नवीन पाठवली, ती बसवली."

"मग स्टिकर जुने कसे?"

मिस्त्रीने रंधा खाली ठेवला. त्याचा चेहरा उजळला. "बायकोचं केस वाळवायचं मशीन आणलं होतं, बाई. गरम वारा दिला की गोंद सुटतो. एकेक अलगद काढला, त्या-त्या चौकटीला त्याच नंबरचा लावला. एकही फाटू दिला नाही. तुम्हीच म्हणता ना, दार मोडू दे."

तिला बसायला काही सापडेना. ती फळ्यांच्या चळतीवर टेकली.

"जुनी दारं कुठायत?"

"भंगारात गेली." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "माझं काही चुकलं का?"

"ती आगीची दारं होती, मिस्त्री. ही कपाटाची आहेत."

तो म्हणाला, "ताईंच्या दाराला आतून पत्रा ठोकून देतो. आजच्या आज. जाड घेतो."

"ज्या नमुन्याचं दार भट्टीत जाळून पाहिलंय, तसलंच दार चालतं. पत्रा ठोकलेला पुठ्ठा किती वेळ टिकेल हे मला माहीत नाही, तुम्हाला नाही, कुणालाच नाही. नोंद काय करू मी?"

मॅनेजर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला दारं हवी होती, पुरवठादाराकडे तयार होती, किंमत बरी होती. कसली दारं हे विचारायचं राहून गेलं, आणि नोंद करताना 'दुरुस्ती' दाबून तो मोकळा झाला होता.

"योग्य दारं मागवतो," तो म्हणाला. "पण ती बनवून घ्यावी लागतात. काही महिने जातील. तोवर हिरवं आहे ते हिरवंच राहू द्या."

"साहेब, ते खोटं आहे."

"बाई, नियम मला सांगू नका, तुम्हीच मला शिकवलेत. लाल केलं की अग्निशमन कार्यालयाला आपोआप कळतं. ज्याला जिना उतरता येत नाही त्याने त्या मजल्यावर राहायचं नाही. असं वरती कोण आहे?" तो थांबला. "घर ठरावीक मुदतीपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर यादीतल्या पुढच्या माणसाला जातं. दारं येईपर्यंत ती मुदत उलटून गेलेली असेल. तुमच्याच ताई आहेत म्हणून सांगतोय."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून तिला त्याच्यावर चिडताही येईना.

दुपारभर ती दारोदार फिरली. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, काही महिने वरच्या घरात राहाल का, सामान मी हलवते. म्हातारा म्हणाला, माझे गुडघे तुम्हाला दिसत नाहीत का. शेजारच्या जोडप्याने दार अर्धंच उघडलं. यादी ठेवणाऱ्या कार्यालयातल्या बाईला ती फोनवर म्हणाली, मुदत वाढवून द्या. बाई म्हणाली, तुमच्यासारखे रोज फोन येतात, शुश्रूषागृहात खाट हवी तर मिळेल. आवाजात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. काही महिने ताईला ठेवून घ्याल का म्हणून तिने चुलतभावाला विचारलं; त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, बघतो. त्यांच्या घराण्यात "बघतो"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मग ती जिन्यात बसली, मोबाइल उघडला, ताईच्या दाराच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहत राहिली. काहीच करायचं नव्हतं. काही न करणं किती सोपं होतं. आग काय रोज लागते? इमारत उभी राहिल्यापासून एकदाही लागली नव्हती. पण वरच्या सगळ्या घरांत माणसं झोपत होती, आणि प्रत्येक दारावर तिचा स्टिकर होता.

ती वर गेली. ताईने दार उघडलं.

तिने सगळं सांगितलं. पुठ्ठा, स्टिकर, मुदत, शुश्रूषागृह. ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही, हे तिच्या बाबतीत नवल होतं.

"म्हणजे माझा हात सुधारला नाही," ताई शेवटी म्हणाली. "दारच हलकं आलं."

चिकटबाईने दार बोटाने ढकललं; ते सुळकन लागलं.

"तो रबरी चेंडू दाबून दाबून बोटं सुजली माझी." ताईने डावा हात मांडीवर उलटा करून पाहिला. "त्या व्यायामवालीला सांगू नकोस. बिचारी सगळ्यांना माझं उदाहरण देते."

"ताई, मी लाल नाही केलं तर—"

"तर मला रोज गणित करावं लागेल, आज आग लागेल की नाही याचं. आणि खालची ती पोरंबाळंवाली बाई, तिच्या दारातही पुठ्ठाच ना? कर लाल. मला विचारायला कशाला आलीस? मी हो म्हणावं म्हणून?"

"हो."

"मग हो. आता चहा कर, आणि रडायचं असेल तर स्वयंपाकघरात रड."

तिने ताईच्या दारात उभं राहून पहिली नोंद केली. कारण: दार बदलले, स्टिकर जुना. मग एकेक मजला. संध्याकाळपर्यंत वरचे सगळे मजले लाल होते. रहिवाशांचे फोन सुरू झाले. घराची किंमत पडली म्हणून एकाने तिची आयमाय काढली. मॅनेजर साहेबांनी तिचा फोन उचलणं सोडलं. मिस्त्री तेवढा येऊन ताईचं कपाट खाली नेऊन गेला, आणि जाताना ताईच्या नजरेला नजर दिली नाही.

शुश्रूषागृहाची गाडी दुसऱ्या दिवशी आली. ताईने घराचं दार स्वतः उघडलं, कुणालाही हात लावू दिला नाही. चिकटबाईने मागून ते ओढून घेतलं. मग नियमाप्रमाणे घराची नोंद बदलली: जिना न उतरणारे रहिवासी, कोणी नाही. दार लालच राहिलं. घरापुढचा ठिपका तेवढा हिरवा झाला, कारण आता आत जीव जायला कुणी नव्हतं.

दारं येण्याआधी मुदत उलटली. यादीतला पुढचा माणूस नुकतंच लग्न झालेला, तगडा होता.

शुश्रूषागृह शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. ताईच्या खोलीत दोन खाटा, एक खिडकी, आणि शेजारच्या खाटेवर सतत कुणाला तरी हाका मारणारी बाई. पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा आत शिरता शिरता चिकटबाईचं बोट आपसूक वाकलं. तिने दारावर टकटक केलं. दगडावर वाजवल्यासारखा आवाज आला.

ताई खाटेवरून बघत होती. "पास झालं का?"

"झालं."

"चांगलं दार आहे?"

"चांगलं आहे."

"मग जाताना उघडं ठेवून जा," ताई म्हणाली. "मला उघडत नाही."

आगीचं दार उघडं ठेवायचं नसतं. चिकटबाई निघाली तेव्हा ते तिच्या मागे सावकाश, आपलं आपण लागलं.